आठवी ओळ

१

दुपारी एक वाजला की आमच्या ऑफिसातली माणसं जेवायला उतरायची आणि कोपऱ्यातलं मशीन कामाला लागायचं. हा क्रम मीच लावून दिला होता. आम्ही लिहिलेला सगळा कोड ते मशीन उचलायचं, एकेका भागाची चाचणी घ्यायचं आणि आम्ही तोंड पुसत वर येईपर्यंत निकाल लावून ठेवायचं. पास तो हिरवा, नापास तो लाल. नापासाचा फोटो काढायचं, पासाचा काढायचं नाही. पास झालेल्याकडे कोण कशाला बघेल?

ऑफिस म्हणजे बिश्केकमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्याचा तिसरा मजला. एके काळी तिथे वजनकाटे बनायचे. हिवाळ्यात भिंतीतले गरम पाण्याचे पाइप टकटक करायचे आणि खिडकीबाहेर कोळशाच्या धुरापलीकडे काही दिसायचं नाही. मी तिथे चार वर्षं होतो. माझं नाव तालाय, आणि माझं काम वेबसाइटचे सुटे भाग तपासण्याचं. एखादं बटण, एखादा रकाना, एखादी यादी.

हे काम कसं चालतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. चाचणीचा कोड स्वतःच्याच पोटात एक छोटा सर्व्हर उभा करतो, दर वेळी नव्या नंबरावर. त्या सर्व्हरवर एकच पान, पानावर आपल्याला तपासायचा तेवढाच भाग. मग कोड स्वतःच एक न दिसणारा ब्राउझर उघडतो, ते पान बघतो, मोजतो आणि सर्व्हर मोडून टाकतो. सगळा खेळ तीन सेकंदांचा. मागे काही उरत नाही.

झिपारला, म्हणजे माझ्या बायकोला, हे एकदा सांगितलं होतं. म्हटलं, समज, एकाच गिऱ्हाइकासाठी दुकान थाटायचं. गिऱ्हाईकही आपणच. पावशेर चहा तोलायचा आणि दुकान पाडून टाकायचं.

"आणि याचा पगार देतात तुला?" ती म्हणाली.

त्या जानेवारीत आमच्याकडे वंशावळीच्या एका साइटचं काम आलं होतं. तिच्यातली सात ओळींची यादी माझ्या वाट्याला आली. आमच्याकडे ज्याला सात पिढ्यांची नावं सांगता येत नाहीत त्याला लोक अनाथ म्हणतात, तेव्हा सातच ओळी. सगळ्यात वर सगळ्यात जुना पूर्वज, सगळ्यात खाली बाप. प्रत्येक ओळीत तीन रकाने. नाव, जन्माचं वर्ष, मृत्यूचं वर्ष.

चाचणीत खरी नावं घालू नयेत हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तो मला पाठ आहे. पण सात पिढ्या त्याच्याहून आधीपासून पाठ आहेत. बोटं आपोआप चालली. जांगाझी, सार्बाय, बेइशे, तोक्तोर, मोमुन, मग माझे वडील कासिमअली. आणि सातव्या ओळीत, बापाच्या जागी, मी माझं नाव लिहिलं. तालाय. मृत्यूचा रकाना अर्थातच रिकामा.

ही माझी यादी नव्हती. माझ्या मुलाची होती. झिपारला सातवा महिना लागला होता.

आमच्यात मूल जन्मण्याआधी त्याच्यासाठी काही करत नाहीत. टोपडं शिवत नाहीत, पाळणा घरात आणत नाहीत, नाव तर मनातही काढत नाहीत. आमची दोन आधीच गेली होती. एक पाचव्या महिन्यात, एक सहाव्या. त्यामुळे झिपारनं या वेळी लोकरीच्या दुकानावरून जायचंही सोडलं होतं. आणि मी मात्र पोटातल्या मुलाच्या सात पिढ्या लिहून मोकळा झालो. कोणी म्हणालं असतं तर मी हसलो असतो. चाचणीचा कोड होता तो, पाळणा नव्हता.

२

सोमवारी जेवून वर आलो तर माझी चाचणी लाल. कारण एका ओळीत दिलेलं होतं. अपेक्षित ओळी सात, सापडल्या आठ.

फोटो उघडला. सात ओळी जिथल्या तिथे. माझ्या नावाखाली आठवी ओळ, तिन्ही रकाने रिकामे.

"नोकरी सोडायचा विचार दिसतोय," माझ्या मागून रुफिना एजे म्हणाली. रुफिना ही आमच्या गटाची प्रमुख, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, म्हणून एजे, म्हणजे मोठी बहीण. ती तातार. तिच्या जिभेला धार होती आणि हातात कायम सूर्यफुलाच्या बिया. "सात मोजता येत नाहीत तुला? किरगिझ ना रे तू?"

"रिकामी ओळ कुठून येतेय ते बघतो."

"बघ बघ. पहिलीतल्या पोराला विचार नाही जमलं तर."

मी यादीचा कोड वरपासून खालपर्यंत वाचला. ओळ वाढवायचं बटण होतं, पण चाचणी ते दाबत नव्हती. मी चाचणी पुन्हा चालवली. पुन्हा लाल. फोटो उघडला. आठव्या ओळीत, नावाच्या रकान्यात एक अक्षर होतं.

त.

मी आणखी एकदा चालवली. आमच्या लिपीत स्वरही सुटं अक्षर असतं, तेव्हा आता तु.

मला तेव्हा भीती वाटली नाही. वैताग आला. ब्राउझर जुन्या गोष्टी लक्षात ठेवतो आणि रकान्यात आपणहून भरतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त चाचणीतला ब्राउझर दर वेळी कोरा जन्मतो आणि तीन सेकंदांत मरतो. त्याला लक्षात ठेवायला काल नसतो.

सर्व्हरची नोंदवही बघितली. आत कोण आलं, काय मागितलं, हे तो लिहून ठेवतो. एक नोंद माझ्या ब्राउझरची. तिच्याखाली आणखी एक, कळ दाबल्याची. दोन्हींचा पत्ता एकच होता. बाहेरून कोणी आलं नव्हतं. दुसरं गिऱ्हाईक दुकानाच्या आतलंच होतं.

३

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी जेवायला गेलो नाही. डब्यातला सामसा, आमचा खिम्याचा समोसा, गार होत होता. सगळे उतरल्यावर मजल्यावर फक्त पाइपांची टकटक आणि कोपऱ्यातल्या मशीनचा पंखा. माझी चाचणी मी त्या दुपारपुरती मशीनकडून काढून घेतली होती. ती मला माझ्या डोळ्यांसमोर चालवायची होती, ब्राउझर न लपवता.

हे सोपं असतं. एक शब्द बदलला की खिडकी पडद्यावर दिसते. घाईघाईनं उघडते, काम करते, मिटते. घड्याळाकडे बघितलं आणि कळ दाबली.

खिडकी उघडली. सात ओळी एकदम आल्या. मग, कोणी न सांगता, खाली आठवी. तिच्या पहिल्या रकान्यात 'तु' होतं. त्याच्या पुढे ती उभी रेघ लुकलुकत होती, लिहिणाऱ्याचं बोट कुठे आहे हे दाखवणारी. ती दोनदा लुकलुकली. माझे दोन्ही हात मांडीवर होते. मी मुद्दाम ठेवले होते.

र आला. रेघ एक घर पुढे सरकली आणि थांबली. पुढचं अक्षर माहीत असलेला माणूस थांबतो तशी, पण वेळ संपला म्हणून. खिडकी मिटली.

 मग सामसा खाल्ला. तो गार झाल्यावर चरबी टाळूला चिकटते, ते मला आवडत नाही, तरी पूर्ण खाल्ला. काहीतरी नेहमीचं करायचं होतं.

बुधवारी मशीननं चालवली. तुर्स.

तेव्हा मला नावाचा रोख कळला. 'तुर्स'पासून सुरू होणारी नावं आमच्याकडे एकाच अर्थाची. मुलं जगत नसलेल्या घरात ठेवतात, हे तरी राहू दे म्हणून. माझ्या पिढीत कोणी ती ठेवत नाही. झिपारनं तिच्या मैत्रिणीला एकदा सांगताना मी ऐकलं होतं, की तिला अशी नावं ऐकली तरी थंडगार वाटतं.

त्या संध्याकाळी मी शहाण्यासारखं वागलो. सातही खरी नावं काढली आणि त्यांच्या जागी वाटेल ती घातली. इवान, पेत्या, क, ख, ग. चाचणी चालवली. सात ओळी. हिरवी.

"एवढंच होतं तर तीन दिवस काय केलंस?" रुफिना एजेनं विचारलं.

"नावं खरी घातली होती."

"अरे देवा," ती बिया चावत म्हणाली, "आणि हा म्हणे आमचा सर्वात सावध माणूस."

४

गुरुवारी सकाळी साडेदहाला झिपारचा फोन आला. तिचा आवाज अगदी सपाट होता. "घाबरू नकोस. रक्त जातंय. गाडी बोलावली आहे."

आमच्याकडच्या प्रसूतिगृहात पुरुषांना वर जाऊ देत नाहीत. खाली एक हॉल असतो, बाक असतात आणि एक खिडकी असते. तिच्यातून बायका रश्श्याच्या बरण्या आत देतात आणि परतीच्या रिकाम्या बरण्या घेतात. मी बाकावर बसलो. माझ्या शेजारी एक म्हातारी सुनेसाठी आणलेलं दूध कोटाखाली धरून गरम ठेवत होती. तिनं विचारलं, "कितवं?"

"पहिलं," मी म्हणालो. मग म्हणालो, "तिसरं."

 तिनं सरकून जागा करून दिली.

बारा वाजता डॉक्टरीणबाई खिडकीशी आल्या. म्हणाल्या, थांबलेलं नाही, आम्ही करतोय ते करतोय, तुम्ही बसा. मागच्या दोन्ही वेळी असंच म्हटलं होतं. शब्दसुद्धा तेच.

आता मी जे केलं ते का केलं, हे मी स्वतःला बऱ्याच प्रकारे समजावलं आहे. रिकाम्या हाताला काम हवं होतं, हे एक. मांडीवर लॅपटॉप होता, हे दुसरं. खरं सांगायचं तर मला एवढंच दिसत होतं, की चार अक्षरं लिहून झाली होती, पाचव्यासाठी ती रेघ थांबली होती, आणि मी दुकानच बंद केलं होतं.

मी खरी नावं परत घातली. जांगाझीपासून तालायपर्यंत. चालवली. तुर्सु. पुन्हा. तुर्सुन. पुन्हा. तुर्सुना. पडद्याकडे बघून म्हातारीनं विचारलं, ऑफिसचं काम का? मी हो म्हणालो. "सोडत नाहीत मेले," ती म्हणाली.

तुर्सुनाय.

आठ अक्षरं. मुलीचं नाव. वंशावळीच्या यादीत आजवर एकही बाई नव्हती. मी आणखी दोनदा चालवली, पण आता काही येईना. नाव लिहून झालं होतं. जन्माच्या रकान्यात ती रेघ स्वस्थ उभी होती.

अडीच वाजता डॉक्टरीणबाई परत आल्या आणि म्हणाल्या, थांबलं. दोन आठवडे इथेच राहू दे, पण थांबलं. मी भिंतीकडे तोंड करून रडलो. म्हातारीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, दुसऱ्या हातानं दूध सांभाळत.

रक्त औषधानं थांबलं. वेळाही जुळत नाहीत, औषध साडेअकरालाच दिलं होतं. हे मी तेव्हाही जाणून होतो.

५

मूल मार्चमध्ये झालं. मुलगी, तीन किलो शंभर ग्रॅम, डोक्यावर काळंभोर जावळ.

वडील कोचकोरहून भाड्याच्या गाडीत पाच तास बसून आले. आमच्यात नाव वडीलधारी माणसं ठेवतात. मी आणि झिपारनं एक नाव मनात धरलं होतं, आमीना, पण ते फक्त सुचवायचं असतं. वडिलांनी मुलीला हातात घेतलं, खिडकीकडे तोंड केलं, तिच्या उजव्या कानाशी ओठ नेऊन अजान म्हटली आणि मग तीनदा नाव सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच मी पलंगाच्या कडेला बसलो.

"तुर्सुनाय," वडील म्हणाले. "जुनं आहे, माहीत आहे मला. नाकं मुरडू नका. दोन गेल्यावर हेच ठेवायचं असतं."

झिपारनं नाक मुरडलं नाही. ती म्हणाली, "राहू दे, बाबा. छान आहे." आणि रडली.

आता यात गूढ काही नाही, हे मी मान्य करतो. दोन मुलं गेलेल्या घरातला एक म्हातारा दुसरं कुठलं नाव ठेवणार? मला ते माहीत होतं, म्हणजे माझ्या मनात ते होतं, म्हणजे कुठूनतरी माझ्याच हातून ते कोडात गेलं असणार. हा विचार मी पुष्कळ वेळा केला. प्रत्येक वेळी तो सुरळीत चालतो, आणि मांडीवरच्या दोन हातांपाशी येऊन अडखळतो.

आठवड्यानं कामावर गेलो. दोन महिने माझी चाचणी रोज लालच होती. रुफिना एजे कुरकुरायची, पण साइटचं गिऱ्हाईकच ढिलं होतं, म्हणून तिनं चालवून घेतलं होतं. त्या दुपारी फोटोत जन्माच्या रकान्यात दोनचा आकडा आला. दुसऱ्या दिवशी शून्य. मग एक. मग नऊ.

दोन हजार एकोणीस. बरोबर होतं. मला बरंही वाटलं, हे लपवत नाही. कोणीतरी नोंद केली होती. मुलगी आहे, असं कोणीतरी लिहिलं होतं.

पाचव्या दिवशी रेघ तिसऱ्या रकान्यात गेली आणि तिथे दोन आला. सहाव्या दिवशी शून्य.

वीसशे काहीतरी. अजून दोन आकडे बाकी.

मी तो फोटो बंद केला आणि हिशेब केला. दोन आकडे म्हणजे दोन दिवस. परवा दुपारी, आम्ही जेवून वर येईपर्यंत, ते भरलेलं असेल. पण दुकान बंद केलं तर? मागे बंद केलं होतं तेव्हा काय झालं ते मला आठवत होतं. पण तेव्हा नाव अर्धं होतं. आता नाव पूर्ण, जन्म पूर्ण. उरलं होतं ते अपुरंच राहिलेलं बरं.

मी चाचणीच्या डोक्यावर एक ओळ लिहिली, ही वगळा. त्या रात्री पाळण्याला हात लावून बसलो. तिचा श्वास चालू होता. दुसऱ्या दिवशीही. आठवडा गेला, दोन गेले. तिला साधी शिंकही आली नाही.

६

चाळिसाव्या दिवशी आम्ही घरी समारंभ केला. चाळीस चमचे पाण्यानं मुलीला आंघोळ घालतात, चाळीस घरांतून आणलेल्या चिंध्यांचा सदरा घालतात. चाळीस दिवस निभावले की मूल इथलं झालं, असं मानतात. झिपारची आई पाणी घालत होती आणि बायका मोठ्यानं मोजत होत्या. मी स्वयंपाकघरात बोर्सोक, म्हणजे पिठाच्या फुगीर वड्या, तळत होतो. बाहेर हसण्याचा कल्लोळ होता. गेल्या काही वर्षांत आमच्या घरात एवढा आवाज झाला नव्हता.

रुफिना एजे दोन वाजता आली. हातात गुलाबी कपड्यांचा गठ्ठा, तोंडात आल्याबरोबर बोर्सोक.

"उशीर झाला रे. तुझ्यामुळेच झाला. गिऱ्हाईक जागं झालं ना आज, सोमवारी साइट उघडायची म्हणतो. बसले तुझं ते घोंगडं घेऊन."

"कुठलं?"

"कुठलं काय, सात आणि आठ. वगळून ठेवलंस म्हणून संपतं का ते?" ती उजळून म्हणाली. मला सुट्टी असताना माझं काम करून टाकल्याचा तिला आनंद होता. "फोटो बघितले मी सगळे. अरे मूर्खा, आठवी ओळ बरोबरच आहे. ती पोरीची ओळ. तुझ्याच यादीत तू पोरीला लिहिलंस आणि वर मोजताना विसरलास. बापाला असंच होतं. मी ते वगळणं काढलं आणि सातच्या जागी आठ केलं. झालं, हिरवी."

तेल फार तापलं होतं. मी गॅस बारीक केला.

"किती वेळा चालवलीस?"

"दोनदा. खात्रीसाठी. दोन्ही वेळा हिरवी."

"फोटो आहे?"

"हिरव्याचा फोटो कुठे असतो?" ती म्हणाली. "तूच बसवलंयस ना ते?" मग माझ्याकडे बघून तिचं हसू ओसरलं. "काय झालं रे? तालाय? सात बदलायला नको होतं का?"

"नाही, एजे. बरं केलंस. थँक्यू."

बाहेर बायका एकोणचाळीस म्हणाल्या. मग चाळीस. मग टाळ्या.

दोनदा चालवली. दोन आकडे. कोणी बघितले नाहीत. बघायचे तर उपाय एका कळीचा होता. आठच्या जागी पुन्हा सात लिहायचं, चाचणी लाल होऊ द्यायची, फोटो उघडायचा. त्या वर्षी मी नोकरी सोडली. जाताना लॅपटॉप परत द्यायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी मी तो उघडून बसलो आणि आठपुढे ती रेघ लुकलुकताना बघत राहिलो. मग तसाच मिटला आणि देऊन टाकला.

७

तुर्सुनाय आता पहिलीत आहे. दोन दात पडलेत, भांडखोर आहे, आजोबांची लाडकी आहे. दर एकतीस डिसेंबरला मी तिच्याकडे फार वेळ बघत बसतो. झिपारला वाटतं बापाची माया. ती असतेच.

गेल्या रविवारी सकाळी तिला शाळेचा गृहपाठ होता. सात पिढ्या भरून आणा. तीच साइट. शहरातल्या शाळा आता तीच वापरतात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती लॅपटॉपपुढे गुडघ्यांवर उभी राहिली आणि सात नावं न अडखळता लिहिली. एका बोटानं, एक अक्षर दाबायचं, थांबायचं, मग पुढचं. झिपार पलीकडे भांडी घासत होती.

"मी पण," असं म्हणून तिनं ओळ वाढवायचं बटण दाबलं. आठवी ओळ आली. तिनं स्वतःचं नाव लिहिलं. मग जन्माचं वर्ष. मग रेघ तिसऱ्या रकान्यात गेली.

"तो राहू दे," मी म्हणालो. माझा आवाज मला बरा वाटला. "तो आपण भरायचा नसतो."

"पण मी भरलाय ना तो मागेच."

"कधी?"

"दुकान उघडायचं तेव्हा," ती म्हणाली. मला काहीच कसं आठवत नाही, असा तिचा सूर होता. "लगेच बंद व्हायचं. एकेकच लिहून व्हायचं."

दुकानाची गोष्ट मी झिपारला सांगितली होती. झिपारनं तिला सांगितली असेल, कधीतरी झोपवताना, बाबा काय काम करायचा म्हणून. असेल. पडद्यावरचा रकाना रिकामा होता. रेघ लुकलुकत होती.

"मग काय लिहिलं होतंस?" हे मी विचारलं नाही. हे मी शपथेवर सांगतो. मी फक्त गप्प राहिलो, आणि तिला ते विचारल्यासारखं वाटलं असणार.

"सांगू?" ती खुर्चीवर उभी राहिली. माझ्या खांद्याला धरून तिनं तिचं तोंड माझ्या उजव्या कानाशी आणलं. तिच्या श्वासाला सफरचंदाचा वास होता. मला मान वळवता आली असती. तेवढा वेळ होता.

मी मान वळवली नाही.

सांगून झाल्यावर ती परत गुडघ्यांवर बसली आणि पान पाठवून दिलं. झिपारनं नळ बंद केला आणि हात पुसत मागे वळून विचारलं, "काय गं कानात सांगत होतीस बाबाला?"

"काही नाही," मी म्हणालो. "शाळेचंच."